नदीचे ज्ञान आणि संगणकाची बुद्धी

कर्जतच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला, ही माहिती झाली. ते पाणी उल्हास नदीतून बदलापूरला येणार, त्याच वेळी कल्याणच्या खाडीला भरती असली तर ते लवकर ओसरणार नाही, म्हणून गावावरचे आकाश निरभ्र दिसले तरी घरातील सामान वर हलवावे, हे झाले ज्ञान. कोणती माहिती कशाशी जोडावी आणि त्यावरून काय करावे, हा विवेक ज्ञानात असतो. संगणकाला ‘बुद्धिमान’ हे विशेषण बहाल करण्यापूर्वी हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ ही तज्ज्ञ-प्रणाली तयार झाली. रक्तातील जंतुसंसर्गाविषयीचे डॉक्टरांचे ज्ञान ‘अमुक असेल तर तमुक’ अशा शेकडो नियमांच्या रूपाने तिच्यात साठविले होते. त्या विषयाबाहेर मात्र ती सर्वस्वी अज्ञ होती. भारतातही १९८६ मध्ये ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सहभागी होते. अशा प्रयत्नांत एक अडचण सर्वत्र आड आली. तज्ज्ञाला जे उमगते, ते सारे त्याला शब्दांत सांगता येतेच असे नाही.

आजच्या प्रणालींना असे नियम एकेक करून पुरवावे लागत नाहीत; अफाट लिखित मजकुरातून त्या स्वतःच संगती शोधतात. तथापि जे कोणी लिहिलेच नाही, ते त्यांना कोठून कळणार?

वालधुनी नदी अंबरनाथच्या इ. स. १०६० मधील शिवमंदिरालगत वाहत पुढे उल्हासनगरात शिरते. तिचे पाणी प्रथम कोणत्या गल्लीत चढते, हे २००५ च्या जुलैतील महापूर पाहिलेल्या रहिवाशांना विचारावे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हा गावकरीही मदतीस धावले होते. अशा माणसांचे अनुभव बव्हंशी त्यांच्या स्मरणातच राहतात आणि त्यांच्याबरोबर नाहीसे होतात.

या तिन्ही शहरांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी हे अनुभव स्थळ, दिवस आणि वेळ यांसह मराठीत नोंदवून घेतले, तर उद्याच्या पूरसूचक यंत्रणेला त्यांचा आधार मिळेल. त्यानंतरही यंत्राचा सल्ला मानावा की नाही, याचा निर्णय आणि त्याची जबाबदारी माणसावरच राहील. सल्ला चुकला तर पाण्याखाली जाणारे घर त्याचेच असते.