पन्नाशीतील झोप आणि उतारवयातील स्मरणशक्ती

‘वय झाले की झोप कमी होतेच’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. वयानुसार झोप हलकी होते, पहाटे लवकर जाग येते. मात्र झोपेची गरज फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही सात ते आठ तासांची झोप योग्य मानली जाते.

दिवसभरात शिकलेले झोपेत स्मरणात पक्के होते. २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, झोपेत मेंदूतील पेशींमधील जागा रुंदावते आणि तेथून वाहणारा द्रव बीटा-अमायलॉइड हे प्रथिन अधिक वेगाने वाहून नेतो. अल्झायमर आजारात हेच प्रथिन मेंदूत साचते. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार व्यक्तींची पाव शतक पाहणी करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी, साठी व सत्तरीत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के अधिक दिसला. कमी झोप हेच त्याचे कारण, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि पन्नाशीतच सावध होण्यास हा आधार पुरेसा आहे.

जयपूरच्या जगतपुरा भागात मे-जूनमध्ये सिमेंटची घरे रात्री उशिरापर्यंत तापलेली राहतात. महाराष्ट्रातून मुलांकडे राहावयास आलेल्या ज्येष्ठांना हा उकाडा विशेष जाणवतो. दुपारी खिडक्यांवर जाड पडदे ओढावेत, रात्री हवा खेळती ठेवावी. गच्चीवर झोपावयाचे असल्यास मच्छरदाणी अवश्य लावावी. दुपारची डुलकी अर्ध्या तासापुरती असावी आणि सायंकाळनंतर चहा टाळावा. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपावे. घरातील इतरांनी त्या वेळी शांतता राखावी.

मोठ्याने घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते. हा गैरसमज धोकादायक आहे. घोरताना मध्येच श्वास थांबणे, दचकून जागे होणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा बसल्या जागी डोळा लागणे ही झोपेतील श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. ती बहुधा शेजारी झोपणाऱ्यालाच प्रथम दिसतात. म्हणून रुग्णाबरोबर त्यांनीही दवाखान्यात यावे. या आजारावर उपचार उपलब्ध आहेत.

झोपेची गोळी स्वतःहून, अथवा शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून घेऊ नये. ज्येष्ठांमध्ये अशा गोळ्यांनी गोंधळलेपणा येतो, तोल जातो आणि रात्री पडून हाड मोडू शकते. गोळी दीर्घकाळ चालू असल्यास ती एकाएकी बंदही करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. चिंतेमुळे झोप येत नसल्यास १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.