धुराड्यातून उडणारी वाफ

‘वाफेचं इंजिन भकभक करत एवढी वाफ हवेत सोडायचं, ती परत का वापरत नसत?’ असं एका वाचकानं विचारलं आहे. वापरत असत, पण थोडी.

न्हाणीघरातला बंब आठवा. गरम पाणी काढलं की तेवढं गार पाणी वरून ओतायचं, आणि बंब गारठायचा. इंजिनाच्या बॉयलरचंही तेच. 20 अंशांच्या एक किलो पाण्याची 14 बार दाबाची वाफ करायला सुमारे 2,700 किलोज्यूल उष्णता लागते. त्यातली 335 निव्वळ पाणी 100 अंशांपर्यंत तापवण्यात जाते. हे काम फुकट जाणाऱ्या वाफेकडून करून घेणारं यंत्र म्हणजे फीडवॉटर हीटर. त्याला सातातला जेमतेम एक भाग वाफ पुरते. उरलेली धुराड्यात हवीच, कारण भट्टीतला जाळ तीच खेचते. कोळशाची बचत साधारण दहा टक्के. अमेरिकेत वर्दिंग्टन आणि एलेस्को, जर्मनीत क्नोर, अशा हीटरांचा चांगला जम बसला.

इंग्रजांनी मात्र फारसं मनावर घेतलं नाही. त्याला बऱ्याच अंशी कारणीभूत आंरी जिफार हा फ्रेंच गृहस्थ. 1852 साली वाफेच्या इंजिनावर फुगा चालवत पॅरिसहून 27 किलोमीटर उडाला तोच! 1858 मध्ये त्यानं इंजेक्टरचं पेटंट घेतलं. बॉयलरचीच वाफ पाण्याला रेटून त्याच बॉयलरमध्ये घालते, हे ऐकून जादूच वाटते. हलणारा पंप नाही, दट्ट्या नाही. पण वाफेचं पाणी व्हायला आत येणारं पाणी गार लागतं. आधीच तापवलेलं पाणी दिलं की इंजेक्टर रुसतो. म्हणजे हीटरबरोबर पंप आला आणि पंपाची दुरुस्तीही आली.

तरीही 1955 साली ब्रिटिश रेल्वेनं 10 इंजिनांना क्रोस्टी या इटालियन अभियंत्याच्या पद्धतीचे बॉयलर बसवले. त्यात पाणी आधी तापवणाऱ्या प्रीहीटरमध्ये वाफेबरोबर धुराचीही उष्णता पिळून घ्यायची होती. धूर इतका निवला की त्यातल्या गंधकाचं आम्ल होऊन नळ्या खाल्ल्या गेल्या. शिवाय रोजच्या वापराचं धुराडं भट्टीच्या जरा पुढे, उजव्या कुशीला. धूर थेट ड्रायव्हर-फायरमनच्या नाकात. काही वर्षांतच प्रीहीटर बंद करून ही इंजिनं साध्या पद्धतीनं चालवली.

पण म्हणून क्रोस्टीला हसू नये. इटलीत असले बॉयलर शंभराहून अधिक इंजिनांवर होते.