शालेय जिल्हा व अधिस्वीकृती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक शासनसंस्थेस शालेय जिल्हा म्हणतात. शाळेने वा जिल्ह्याने ठराविक शैक्षणिक निकष पूर्ण केल्याबद्दल मिळणारी मान्यता म्हणजे अधिस्वीकृती होय. येथील ‘जिल्हा’ हा भारतातील महसुली जिल्हा नव्हे. तो एखाद्या लहान गावापुरता असू शकतो किंवा महानगराएवढाही; हवाई राज्यात तर संपूर्ण राज्याचा मिळून एकच जिल्हा आहे. देशात असे सु. १३,००० जिल्हे आहेत. बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडलेले शिक्षणमंडळ धोरण ठरविते व अधीक्षकाची नेमणूक करते. खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ताकरातून येतो. सधन व निर्धन वस्त्यांतील शाळांमधील तफावतीचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

अधिस्वीकृतीचा उगम विद्यापीठप्रवेशाच्या प्रश्नात आढळतो. मिशिगन विद्यापीठाने १८७१ पासून माध्यमिक शाळांची पाहणी सुरू केली व पसंत ठरलेल्या शाळांतील विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेतून सूट दिली. पुढे शाळा व महाविद्यालये यांचे प्रादेशिक संघ स्थापन झाले. न्यू इंग्लंडमधील संघ १८८५ चा, तर उत्तर-मध्य व दक्षिण विभागांतील संघ १८९५ चे. आरंभीचे निकष ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिक्षकांच्या पदव्या यांसारख्या सहज मोजता येणाऱ्या बाबींचे होते. १९३३ मध्ये सुरू झालेल्या एका सहकारी अभ्यासानंतर, शाळेने स्वतः ठरविलेल्या उद्दिष्टांच्या संदर्भात तिचे मूल्यमापन व्हावे, हा विचार रुजला. उत्तर-मध्य व दक्षिण संघांच्या शालेय शाखा २००६ मध्ये एकत्र आल्या; ती संस्था २०१९ पासून ‘कॉग्निया’ या नावाने ओळखली जाते.

या पद्धतीत जिल्हा प्रथम आत्मपरीक्षण करून अहवाल तयार करतो. नंतर अन्य ठिकाणच्या शिक्षकांचे व प्रशासकांचे पथक शाळांना भेट देते, वर्ग पाहते, पालकांशी व विद्यार्थ्यांशी बोलते आणि शिफारशी करते. भेटीपूर्वीची रंगसफेदी तेथेही अपरिचित नाही. परंतु पथकाचा कटाक्ष असतो तो सुधारणेची आखणी आणि वर्गातील अध्यापन यांचा मेळ बसतो किंवा नाही यावर. तिसरीतील मुले वाचनात मागे असतील, तर त्यांना नेमके काय अडते हे वर्षअखेरच्या परीक्षेतून कळेपर्यंत वर्ष सरलेले असते. म्हणून जिल्हे दर काही आठवड्यांनी लहान समान चाचण्या घेतात. एकाच इयत्तेचे शिक्षक उत्तरपत्रिका समोर ठेवून चर्चा करतात, अडलेल्या मुलांचे छोटे गट पाडून पुन्हा शिकवितात व मुख्याध्यापक वर्गात बसून अध्यापन पाहतात. हे काम संथ असते. अधीक्षक व शिक्षक वारंवार बदलणाऱ्या जिल्ह्यांत, म्हणजे बहुधा जेथे त्याची सर्वाधिक गरज असते तेथेच, ते तुटते.

अधिस्वीकृती गमावण्याचे कारण नेहमीच अध्यापनातील उणीव हे नसते. जॉर्जिया राज्यातील क्लेटन परगण्याच्या जिल्ह्यात सु. ५०,००० विद्यार्थी होते. शिक्षणमंडळाच्या सदस्यांमधील कलह व गैरकारभार यांमुळे दक्षिण संघाने २००८ मध्ये त्याची अधिस्वीकृती काढून घेतली. राज्यपालांनी चार सदस्यांना पदच्युत केले आणि १ मे २००९ रोजी ती परिवीक्षेवर परत मिळाली. दरम्यान उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन प्रवेशाची व शिष्यवृत्तीची चिंता भोगावी लागली. मंडळातील भांडणाशी त्यांचा काहीच संबंध नव्हता.

काही राज्यांत अधिस्वीकृती राज्य शिक्षणमंडळच देते. मिसूरीत परीक्षांतील कामगिरी, उपस्थिती, उत्तीर्णांचे प्रमाण इत्यादींच्या आधारे जिल्ह्यांचा दर्जा ठरविला जातो. सेंट लूइसलगतच्या नॉर्मंडी या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीच्या जिल्ह्याची अधिस्वीकृती १ जानेवारी २०१३ पासून संपुष्टात आली. १९९३ च्या कायद्यान्वये अशा जिल्ह्यातील मुलांना शेजारच्या अधिस्वीकृत जिल्ह्यांत जाण्याचा हक्क असून त्यांचे शुल्क मूळ जिल्ह्याने द्यावयाचे असते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा कायदा उचलून धरला, तेव्हा सु. १,००० मुलांनी नॉर्मंडी सोडले. जाणाऱ्यांचे हित कायद्याने पाहिले. मात्र शुल्काच्या बोजाने जिल्हा दिवाळखोरीच्या काठावर आला आणि मागे राहिलेल्या बहुसंख्य मुलांसाठीचा पैसाच आटला. दुर्बल संस्थेला सुधारण्यास सांगून तिचीच साधने काढून घेण्याचा हा विपरीत परिणाम होता. २०१४ मध्ये राज्याने जुना जिल्हा विसर्जित करून त्याच्या जागी नवा स्थापिला. त्यास डिसेंबर २०१७ मध्ये सशर्त अधिस्वीकृती देण्यात आली. याच राज्यातील कॅन्झस सिटीच्या जिल्ह्याने २००० मध्ये गमावलेली पूर्ण अधिस्वीकृती पुन्हा मिळविण्यास २०२२ साल उजाडले.