271 प्रश्न

भिंतीवर कुणाच्या तसबिरी आहेत? मुलांना मारल्याशिवाय वळण लागतं का? बायकांनी केस आखूड कापले तर चालतं का? 1929 मध्ये जर्मन कामगारांच्या हाती पडलेल्या प्रश्नावलीत पगार आणि पक्ष यांच्या जोडीला हेही होतं. एकूण प्रश्न 271.

प्रश्नावली फ्रांकफुर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेची. संस्था 1923 ची, पैसा अर्जेंटिनाच्या गव्हाचा. धान्याचे बडे व्यापारी हेर्मान वाइल यांचा मुलगा फेलिक्स मार्क्सवादी निघाला आणि त्यानं वडिलांकडूनच निधी मिळवला. विद्यापीठाशी संलग्न, पण खर्चाला कुणाचं मिंधेपण नाही. ही मोकळीक पुढे जीव वाचवणारी ठरली.

एरिश फ्रॉम आणि हिल्डे वाइस यांनी सुमारे 3,300 प्रती वाटल्या. 1,100 च्या आसपास परत आल्या. उत्तरं देणारे बहुतेक डाव्या पक्षांचे. राजकारणावरची त्यांची उत्तरं ठाम, पक्षाला शोभणारी. पण बायको, मुलं, शिस्त हे विषय निघाले की त्यातल्या अनेकांच्या तोंडी जुन्या कर्त्या पुरुषाचीच भाषा. सगळ्या प्रश्नांना सारख्याच निर्धारानं उत्तरं देणारे, म्हणजे उद्या हुकूमशाही आलीच तर ठाम उभे राहतील असे, मूठभरच. संस्थेला हे आपल्याच माणसांबद्दल कळलं होतं. तिच्या साऱ्या इतिहासात मला हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

1933 मध्ये नाझींनी संस्थेला टाळं ठोकलं. संचालक माक्स होर्कहायमर यांनी निधी आधीच देशाबाहेर हलवला होता, म्हणून जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बिऱ्हाड थाटता आलं. प्रश्नावल्या मात्र 584 च उरल्या.

न्यूयॉर्कहूनच 1937 मध्ये होर्कहायमर यांच्या निबंधानं संस्थेच्या विचाराला ‘चिकित्सक सिद्धान्त’ हे नाव दिलं. अभ्यासक समाजाच्या बाहेर, काठावर उभा नसतो. त्याचे प्रश्न, त्याची साधनं त्याच समाजात घडलेली असतात, म्हणून सिद्धान्तानं स्वतःलाही तपासावं आणि माणसाच्या मुक्तीची बाजू घ्यावी, हे निबंधाचं म्हणणं. माणसाच्या मनात हुकूमशाहीला किती जागा असते, ही फ्रॉम यांची शंका पुढे अमेरिकेत संस्थेतले तत्त्वज्ञ आडोर्नो आणि बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या पाहणीत नेली. 1950 चा ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ हा ग्रंथ त्यातूनच आला.

युद्धानंतर संस्था फ्रांकफुर्टला परतली, तत्त्वज्ञ हाबरमास यांच्यासारखी पुढची पिढी तिथे तयार झाली. जानेवारी 1969 मध्ये आंदोलक विद्यार्थी संस्थेच्या इमारतीत शिरले, तेव्हा आडोर्नो यांनी पोलीस बोलावले. अधिकारशाहीचा इतका खोल अभ्यास केलेल्या माणसाचा हा निर्णय मला अजून सलतो.

आणि त्या 584 प्रश्नावल्या? होर्कहायमर यांनी अहवाल छापला नाही, फ्रॉम 1939 मध्ये संस्थेतून बाहेर पडले. पुस्तक निघालं ते 1980 मध्ये, फ्रॉम वारले त्याच वर्षी.