खिडकीची खोली : एक

एडिनबरात प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला जनरल रजिस्टर हाउस आहे. जुन्या जनगणनांची पानं तिथल्या ‘स्कॉटलंड्सपीपल’ केंद्रात पडद्यावर वाचता येतात. मी गेले ती एका रकान्यासाठी. १८६१च्या जनगणनेत सरकारनं स्कॉटलंडमध्ये घरोघरी विचारलं होतं : खिडकी असलेल्या खोल्या किती? गरिबाच्या खिडक्या मोजणारं सरकार मला पाहायचं होतं.

डंडीहून आलेल्या एका निवृत्त परिचारिका बाईंनी शेजारी बसू दिलं. त्या पणजीचं कुटुंब शोधत होत्या. शुल्क भरायचं, नाव-वर्ष टाकायचं, यादी उघडायची. खरी गुंतागुंत यादीतच. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायची तिकडची जुनी रीत, त्यामुळे चुलतभावंडं एकाच नावाची. मूल दगावलं तर पुढच्यालाही तेच नाव. “नावामागे लागू नका,” बाई म्हणाल्या, “घरात कोण कोण राहतंय ते बघा.”

सुरुवात पणजीच्या लग्नाच्या नोंदीपासून. १८५५पासूनच्या या नोंदींत आईचं माहेरचं आडनावही असतं, म्हणून धागा तुटत नाही. तिथून मागे मागे.

१८८१, डंडी. खिडकीच्या खोल्या : २. १८७१, दुसरी गल्ली : १. १८६१, तिसरी गल्ली : १. त्या एका खोलीत आईवडील, चार मुलं आणि वर एक भाडेकरू. माझी नजर त्या एकावरून हलेना. “हे काही सगळ्यांत गरीब नव्हते,” बाई म्हणाल्या. खरंच नव्हते. तेव्हा स्कॉटलंडमधली जवळपास एक तृतीयांश घरं एकखोलीच होती आणि सुमारे आठ हजार घरांना एकही खिडकी नव्हती.

१८५१मध्ये हे लोक फोरफारशरच्या एका खेड्यात सापडले. बाप हातमागावरचा विणकर. १८४१च्या पानावर तो वीस वर्षांचा, पण तिथल्या वयावर विसंबता येत नाही. पंधराच्या पुढची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती.

मग बाई पुन्हा १८८१वर आल्या आणि बोट व्यवसायाच्या रकान्यावर ठेवलं. बाप : ‘पूर्वी हातमाग विणकर’. तीन मुली आणि एक मुलगा ज्यूट गिरणीत. बंगालचा ताग देवमाशाच्या तेलानं मऊ करून त्याचं सूत काढणाऱ्या या शहरात गिरणीमालकांना बाया आणि पोरं हवी असत, कारण ती स्वस्तात मिळत. घरी बसलेल्या पुरुषांना डंडीत ‘केटल-बॉयलर’ म्हणत, चहाचं आधण ठेवणारे.

म्हणजे दुसरी खोली घराण्याच्या भरभराटीतून आली नव्हती. ती मुख्यतः मुलींच्या मजुरीतून आली होती. सरकारनं हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यानं खिडक्या एका रकान्यात मोजल्या, माणसं दुसऱ्या रकान्यात, आणि दोन्हींची बेरीज वंशजांवर सोडली.

“भावंडांना क्लॅनचं कुळ हवंय, टार्टनचं कापड हवंय,” बाई पानाची प्रत काढत म्हणाल्या. प्रतीवर त्यांनी पेन्सिलीनं तीन ओळी अधोरेखित केल्या. तिसऱ्या ओळीत पणजी होती : वय पंधरा, ज्यूट स्पिनर.