लाल विंचवाचे विष आणि वैद्याची नोंदवही

नेवासे तालुक्यातील शेतकऱ्याला विंचवाच्या दोन जाती लहानपणापासून परिचयाच्या असतात. एक, दगडाखाली किंवा बिळात राहणारी, नांग्या उगारून पवित्रा घेणारी काळी इंगळी. आणि दुसरा, गोवऱ्यांच्या ढिगात, जळणाच्या मोळीत, कच्च्या भिंतीच्या भेगेत किंवा अंथरुणाच्या वळकटीत दडून बसणारा, जेमतेम बोटाएवढा तांबूस विंचू. इंगळीच्या दर्शनानेच माणसाचा थरकाप होतो, तांबड्या विंचवाला मात्र तो वहाणेने चिरडून मोकळा होतो. आणि तरीही जीव जातो तो बहुधा या लहानग्याच्याच दंशाने. इंगळी डसलेला गडी रात्रभर कण्हतो, पण दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. तांबडा विंचू डसलेले मूल कधीकधी दंशाच्या जागी फारसे दुखत असल्याचे सांगतही नाही; ते दरदरून घामेजते, ओकाऱ्या काढते, त्याचे हातपाय गार पडतात, आणि चिंचोका उगाळून लावल्याने किंवा मंत्राने विंचू उतरला असे समजून घरची मंडळी निर्धास्त होत असतानाच त्याच्या हृदयावर प्राणसंकट येऊन ठेपलेले असते.

हे असे का घडते, हा प्रश्न हृदयाच्या, मेंदूच्या आणि रक्ताच्या विकारांचा एकदमच अभ्यास करावयास लावणारा आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्रातील एका ग्रामीण वैद्याचा वाटा इतका मोठा आहे, की त्याची हकीकत सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम विषाचा व्यापार पाहू. मज्जातंतूंतून संदेश धावतो तो सोडियम आणि पोटॅशियम यांचे विद्युद्भारित कण पेशीच्या आवरणातील सूक्ष्म मार्गांनी आत-बाहेर जातात म्हणून. सोडियमचा मार्ग क्षणभर उघडतो आणि लगेच मिटतो, पोटॅशियमचा मार्ग उघडून पेशी पुन्हा शांत होते. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने सोडियमचा मार्ग मिटू देत नाहीत आणि पोटॅशियमचे मार्ग अडवून धरतात, त्यामुळे जो संदेश एकदाच जावयाचा तो पुनःपुन्हा जात राहतो. शरीराचा जो कारभार आपल्या इच्छेवाचून चालतो, म्हणजे घाम, लाळ, नाडी, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, त्या साऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेत यामुळे वादळ उठते. आरंभी ओकारी, घाम, लाळ आणि मंद नाडी. मुलग्यांत व पुरुषांत शिश्नाचा ताठरपणा. नंतर अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येऊन हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते, आणि अखेर डावे हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते. तोंडावाटे गुलाबी फेस येऊ लागला की पूर्वी वैद्य हताश होत असत.

हताश होण्यास कारणही होते. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जी माहिती प्रसिद्ध केली तीत ७८ विंचूदंशांपैकी २३ रुग्ण दगावल्याची नोंद आहे. म्हणजे शंभरात जवळजवळ तीस. आणि हे प्रमाण पुढे वीस-बावीस वर्षे फारसे हटले नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. नागपुरास वैद्यकीय शिक्षण घेऊन ते १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्यकेंद्रावर रुजू झाले. तेथे येणाऱ्या विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार करीत असता त्यांनी जे केले ते वरकरणी अगदी साधे होते: ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि जे दिसले ते लिहीत गेले. पण हे साधे काम कोणीच पुरेशा चिकाटीने केलेले नव्हते. त्या निरीक्षणातून त्यांच्या ध्यानात आले, की ज्यांना पुढे हृदयाचा उपद्रव होतो त्यांत ओकारी, अतिशय घाम, शिश्नाचा ताठरपणा आणि गार हातपाय ही चिन्हे आधीच दिसतात. उलट ज्याला दंशाच्या जागी असह्य आग होते पण यांपैकी काही नसते, तो सहसा बचावतो. हा निष्कर्ष १९८२ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात छापला गेला. आदिवासी पाड्यावरच्या आरोग्यसेविकेला, पायाच्या अंगठ्याला हात लावून, धोक्याची सूचना मिळू शकेल असे हे ज्ञान होते. त्याचे मोल मी कोणत्याही महागड्या यंत्राहून कमी मानणार नाही.

निदान झाले, इलाज उरला होता. हृदय थकले आहे म्हणून त्याला उत्तेजन देणारी औषधे देण्याची प्रथा होती, आणि तीत मूळ चूक होती. उसाने वाजवीपेक्षा जास्त भरलेली गाडी चढणीला लागली आणि बैल गुडघे टेकू लागले, तर शहाणा गाडीवान चाबूक ओढीत नाही, चार मोळ्या खाली उतरवतो. आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, तेव्हा हृदयाला नव्हे तर रक्तवाहिन्यांना सैल करावयास हवे. पुण्यास एम. डी. चे शिक्षण घेऊन परतलेल्या बावस्करांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेवाटे देऊन पाहिले आणि फुप्फुसांत पाणी भरलेले रुग्ण त्याने वाचू लागले. परंतु ते थेंबाथेंबाने, रक्तदाबावर अखंड नजर ठेवून द्यावे लागते, आणि खेड्यातल्या दवाखान्यात तशी तजवीज कोठून असणार? तेव्हा त्यांची दृष्टी प्राझोसिनकडे वळली. ही रक्तदाबावरची गोळी तोंडाने घेता येते, स्वस्त असते, आणि अॅड्रेनॅलिनवर्गीय द्रव्ये रक्तवाहिनीवर जेथे पकड घेतात नेमकी तीच जागा, म्हणजे आल्फा ग्राहके, ती अडवून धरते. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या सहकार्याने चाललेल्या या कामाचा वृत्तांत १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. गोळी देऊन रुग्णास आडवे ठेवावयाचे आणि हातपाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत ठराविक अंतराने ती देत राहावयाचे, एवढाच विधी. शेकडा तीसवर असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती पुष्कळ उशिरा मिळाली असे माझे मत आहे.

विषाचा मारा हृदयापुरता मर्यादित नसतो. रक्तदाब एकाएकी भडकल्याने मेंदूतील रक्तवाहिनी फुटून अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकीय दप्तरांत आहेत; आणि रक्तातील गोठण्याची द्रव्ये भराभर खर्ची पडून रक्त गोठेनासे होते, असे १९७० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका भारतीय निबंधात दाखविले गेले.

ज्या विषाने मुले दगावत होती, त्याच विषातून प्रयोगशाळेला एक अनमोल साधनही मिळाले. १९९० साली याच विंचवाच्या विषातून ‘इबेरिओटॉक्सिन’ नावाचे, अवघ्या ३७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन वेगळे करण्यात आले. पोटॅशियमच्या अनेक मार्गांपैकी, कॅल्शियमच्या इशाऱ्याने उघडणारा एकच विशिष्ट मोठा मार्ग ते अडवते, इतरांना जवळजवळ स्पर्शही करीत नाही. हा मार्ग धमन्यांच्या स्नायूंत आणि मेंदूच्या पेशींत असतो. म्हणून मेंदूतील धमन्या आपला ताण कसा राखतात, हे तपासू पाहणाऱ्या संशोधकांच्या मेजावर आज जगभर हे द्रव्य आढळते.

प्रतिविषाचा प्रश्न अधिक काळ वादग्रस्त राहिला. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तापासून प्रतिविष सिद्ध करण्याची रीत सर्पदंशासाठी जुनीच आहे. पण विंचवाचे विष इतक्या त्वरेने आपले काम करून मोकळे होते, की नंतर दिलेल्या प्रतिविषाचा कितपत उपयोग, अशी शंका घेतली जाई. निर्णय पुन्हा महाडच्या खाटांवरच झाला. ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून, एकास केवळ प्राझोसिन आणि दुसऱ्यास प्राझोसिनसह प्रतिविष देण्यात आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८ होते, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. हा वृत्तांत २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केला. मात्र प्रतिविष महाग, ते नेहमी हाताशी असेलच असे नाही. त्यामुळे प्राझोसिनची गोळी आपल्या जागी कायम आहे.

आता नेवाशाकडे वळतो. कोकणकिनाऱ्याच्या दमट मुलखातील आणि नेवासे ज्यात येते त्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या दख्खनच्या अवर्षणप्रवण पठारावरील लाल विंचवांच्या विषांची तुलना २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात केलेली आहे. जात एकच, पण विषातील प्रथिनांची घडण दोन्हीकडे बरीच निराळी आढळली. याचा अर्थ असा, की महाडच्या खाटांवर मिळालेले ज्ञान आपण कृतज्ञतेने स्वीकारावे, पण ते नेवाशाच्या रुग्णास तंतोतंत लागू पडते असे गृहीत धरून स्वस्थ बसू नये. येथील दंशात हृदयाचा उपद्रव कोकणापेक्षा कमी होतो की अधिक, प्रतिविष तितकेच लागू पडते की नाही, हे येथल्याच रुग्णांपाशी बसून पाहावे लागेल.

त्यासाठी लागणारी सामग्री तालुक्यात आहे. भेंडे आणि सोनई येथील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड-पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबे पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्यांत भुईवर निजतात. उन्हाळ्यात आणि पावसाळा सरता सरता विंचू अधिक निघतात, म्हणजे गाळपाच्या आरंभी आणि अखेरीस ही माणसे, विशेषतः लेकरे, त्याच्या वाटेत असतात. त्यांपैकी कोणी आरोग्यकेंद्रात आले, की केसपेपरवर ‘विंचूदंश’ असे एका शब्दात लिहून प्रकरण निकालात निघू नये. दंश किती वाजता झाला आणि रुग्ण किती वाजता पोहोचला. ओकारी झाली काय, घाम आला काय. पायाची बोटे ऊन की गार, आणि गार असल्यास गोळी दिल्यावर किती वेळाने ऊन झाली. नाडी, रक्तदाब आणि श्वास दर तासाला काय होते, इतके रकाने साध्या वहीत आखून घेता येतात. पुष्कळ वेळा बाप मारलेला विंचू कागदात गुंडाळून घेऊन येतो. तो उकिरड्यावर न टाकता स्पिरिटच्या बाटलीत, रुग्णाच्या नोंदीचा अनुक्रमांक चिकटवून ठेवावा, म्हणजे जातीविषयी शंका राहणार नाही.