देऊळ कोणाच्या डोक्यावर?

व्हिक्टर ह्यूगोने १८३१ साली 'नोत्र दाम'वर कादंबरी लिहिली तेव्हा पॅरिसचे ते कॅथीड्रल मोडकळीस आले होते. कादंबरी गाजली, पडझडीकडे लोकांचे लक्ष गेले आणि १८४०च्या दशकात व्हिओले-ल-द्यूक आणि लास्यू या वास्तुविदांकडे जीर्णोद्धाराचे काम आले. १५ एप्रिल २०१९ रोजी त्याच वास्तूचे छप्पर जळाले, तेव्हा फ्रान्समध्ये हीच कादंबरी पुन्हा धडाक्यात खपली. विल्यम गोल्डिंगच्या 'द स्पायर'मध्ये (१९६४) एक धर्माधिकारी कच्च्या पायावर चारशे फुटी मनोरा चढवण्याचा हट्ट धरतो. केन फॉलेटच्या 'द पिलर्स ऑफ द अर्थ'मध्ये (१९८९) तर कॅथीड्रल बांधून होणे हेच कथानक आहे. ही रांग पाहिली की आपल्याकडे असे का नाही, असा प्रश्न मराठी वाचकाला पडतोच. कोल्हापुरात अंबाबाईचे देऊळ आहे, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरचा कोपेश्वर आहे, आणि या जिल्ह्याला कादंबरीकारांचीही वाण नव्हती. खांडेकर इथे राहिले, रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. तरी देवळाच्या बांधणीवर उभी राहिलेली, वाचकांच्या मनात ठसलेली मराठी कादंबरी इथून आली नाही. यावरून आपल्या साहित्याला धर्मस्थळांचे वावडे आहे, असा निष्कर्ष काढला जातो. तो मला पटत नाही. ती कादंबरी कोल्हापूर जिल्ह्यातच लिहिली गेली, फक्त ती देवळाच्या दगडात शोधायला गेलो तर सापडत नाही.

आधी दगडाचे काय झाले ते पाहू. देवळाची वास्तू, मूर्ती आणि इतिहास हे काम मराठीत संशोधकांनी अंगावर घेतले आणि ते चोख केले. 'करवीरमाहात्म्या'सारख्या स्थलपुराणात कोल्हासुराच्या वधाची कथा होती. तिच्यापलीकडे जाऊन भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग. ह. खरे यांनी 'महाराष्ट्राची चार दैवते' (१९५८) या छोट्या पुस्तकात महालक्ष्मीची मूर्ती, तिची आयुधे आणि ग्रंथांतली वर्णने समोरासमोर ठेवली. हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग: अशी देवी विष्णुपत्नी लक्ष्मी कशी, हा प्रश्न काही आजचा नाही. पुढे रा. चिं. ढेरे यांनी 'करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मी'त तो लोकधर्माच्या अंगाने धसास लावला. वास्तूविषयीची ही बारकाई कोल्हापूरकरांच्या अंगात इतकी मुरली आहे की किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीची किरणे पश्चिमेच्या महाद्वारातून येऊन देवीच्या पायांशी थांबली, कमरेपर्यंत चढली की चेहऱ्यावर पोहोचली, याची बातमी होते आणि वाटेत आडव्या येणाऱ्या इमारतींवर वाद झडतात. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाचे उघडे वर्तुळ, अधिष्ठानावरचे हत्ती आणि यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला शिलालेख यांवरही असेच लिहिले गेले आहे. मात्र शिलालेख दान देणाऱ्याचे नाव सांगतो. हत्ती कोणी कोरले, हे त्या शिलालेखात नाही.

कॅथीड्रल आणि आपले देऊळ यांत एक मूलभूत फरक आहे, आणि साहित्यातला फरक त्यातूनच निघतो. कॅथीड्रल म्हणजे बिशपची गादी, पण त्याच वेळी सगळे गाव एका छताखाली मावेल असे सभागृहही. त्यामुळे गावाची कथा आणि इमारतीची कथा एकच होऊ शकते. आपल्या गाभाऱ्यात माणूस मावत नाही. तिथे दर्शन घ्यायचे आणि बाहेर पडायचे. धर्म घडतो तो बाहेर: जत्रेत, पालखीत, नवरात्राच्या पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर, नवसात आणि उपवासात. कित्येकदा तो थेट माणसाच्या अंगावर चढतो. कादंबरीला माणूस लागतो, म्हणून मराठी कादंबरी देवळाच्या आत न जाता त्या अंगाच्या मागे गेली. अरुण कोलटकर जन्माने कोल्हापूरचे. त्यांची 'जेजुरी' (१९७६) ही कविता असल्याने इथल्या चर्चेत तिला ओझरतीच जागा, पण तीही गाभाऱ्यापेक्षा बाहेरच्या पायऱ्या, मोडके दार आणि भटकी कुत्री यांच्यातच जास्त रमते.

अंगाच्या मागे जाणे म्हणजे काय, हे राजन गवस यांच्या 'चौंडकं' (१९८५) आणि 'भंडारभोग' (१९८८) या दोन कादंबऱ्यांत दिसते. गवस गडहिंग्लज तालुक्यातले. 'चौंडकं'त केसात जट आली म्हणून यल्लम्मा देवीला सोडलेली, म्हणजे जोगतीण केलेली मुलगी आहे. 'भंडारभोग'मध्ये साडी नेसवून जोगता केलेला तरुण. ज्या वाद्यावरून पहिल्या कादंबरीचे नाव आले ते जवळून पाहण्यासारखे आहे. लाकडाचे पोकळ नळकांडे, एका तोंडाला कातडे, दुसरे उघडे. कातड्याच्या मधोमध अडकवलेली तार आतून बाहेर काढून मुठीतल्या लाकडाला बांधलेली. चौंडकं काखेत दाबून एका हाताने तार ताणायची आणि दुसऱ्याने छेडायची; ताण कमीजास्त झाला की सूर बदलतो. वाजवणारीला ते अंगाशी आवळूनच धरावे लागते. सोबत गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळाला भंडारा आणि डोक्यावर देवीचा जग. देवी या बाईच्या डोक्यावर बसून गावोगाव जाते, मग देऊळ कोणते म्हणायचे? दगडाचे की हे? खरे-ढेरे परंपरा देवी कोण आहे हे विचारते, गवस तिला वाहते कोण हे विचारतात. दोन्ही प्रश्न संशोधनाचेच आहेत.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा. यल्लम्मा सौंदत्तीची, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातली. तिचा आणि कोल्हापूरच्या देवळांचा काय संबंध? संबंध रस्त्याचा आहे. मार्गशीर्षातल्या यात्रेला कोल्हापूर जिल्ह्यातून लोक सौंदत्तीला जातात आणि परतल्यावर खुद्द कोल्हापूर शहरात ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. देवीच्या सत्तेची हद्द राज्याच्या सीमेने आखलेली नाही. ढेऱ्यांच्या 'लज्जागौरी'त (१९७८) रेणुका-यल्लम्मा, वारूळ आणि मातृदेवता यांचे जे नाते मांडले आहे ते याच पट्ट्यातले आहे. म्हणजे अभ्यासक आणि कादंबरीकार दहा वर्षांच्या आत एकाच दैवतापाशी पोहोचले, एक प्रतिमांच्या वाटेने आणि दुसरा जटेच्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कादंबरी हा पुरावा नव्हे. लेखक देवदासी प्रथेविरुद्धच्या चळवळीच्या काळात लिहीत होता, त्याने दुःख गडद केले नसेल कशावरून? गडद केले असेलही. पण पुराव्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. शाहू महाराजांनी १९२० मध्ये करवीर संस्थानात जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेला आळा घालणारा कायदा केला. ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा आला, कर्नाटकात १९८२ मध्ये, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५चा. एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा कायदा करावा लागतो याचा अर्थ आधीचे पुरे पडले नाहीत. का पडले नाहीत, याचे उत्तर कायद्याच्या मसुद्यात मिळत नाही. ते कादंबरीत मिळते: केस न विंचरल्याने, तेल-पाण्यावाचून गुंतलेल्या बटेला देवीची खूण मानणारी आई, कोप होईल या भीतीने घायकुतीला आलेला बाप, पोर सोडली की घरचे अरिष्ट टळेल हा हिशेब, आणि तिच्याकडे टपून बसलेले गावातले प्रतिष्ठित. ही कारणांची साखळी आहे आणि ती जोडून दाखवणे हे समाजशास्त्राचे काम गवसांनी कादंबरीच्या हत्याराने केले. प्रत्येक घटना घडलीच असे मानायची गरज नाही.

तिसरा आक्षेप भाविकांचा: लाखो लोक आनंदाने जत्रेला जातात, भक्तीला शोषणाचे नाव का द्यायचे? या तक्रारीत तथ्य आहे, आणि झोत फक्त शोषणावर टाकणाऱ्या लेखनाला ती लागू पडते. उत्तम बंडू तुपे यांची 'झुलवा' असो की गवसांच्या कादंबऱ्या, त्यांची ताकद त्यांतल्या माणसांच्या श्रद्धेत आहे. जोगतीण देवीवर चिडते, तिला शिव्या देते, पण तिला सोडत नाही, कारण सोडून जायला दुसरे घर नसते. श्रद्धा खोटी ठरवली असती तर कथा पत्रकासारखी सपाट झाली असती. चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा आणि गवसांच्या या दोन कादंबऱ्या एकत्र करून २००९ मध्ये 'जोगवा' चित्रपट आला. तो चांगलाच होता, गाणी तर घराघरांत गेली. पण प्रेमकथेच्या ओघात पुस्तकांतला कोरडा, दररोजचा जाच थोडा मागे राहिला, हे नोंदवले पाहिजे.

ह्यूगोने इमारत वाचवली, तशी या कादंबऱ्यांनी प्रथा संपवली असा दावा कोणी करू नये. तो खोटा ठरेल. गडहिंग्लज-निपाणी भागातल्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत त्यात पुसली जाईल. कादंबऱ्यांनी केले ते एवढेच की अंबाबाईच्या मूर्तीवर आपण ज्या बारकाईने बोलतो त्या बारकाईने जोगतिणीवर बोलण्याची सोय मराठीत झाली. उलट खिद्रापूरच्या पाथरवटांची कादंबरी अजून यायची आहे आणि ती उणीव खरी आहे. गोल्डिंग वाचलेल्या कुणा तरुण लेखकाने ती मनावर घ्यावी.

तोवर एक साधी गोष्ट करण्याजोगी आहे. विद्यापीठांत मूर्ती आणि शिलालेख इतिहासाकडे, कादंबऱ्या मराठीकडे, अशी वाटणी सर्रास दिसते. ती मोडावी. देवीवर प्रबंध लिहिणाऱ्याने ढेऱ्यांच्या शेजारी गवस वाचलाच पाहिजे आणि 'चौंडकं' शिकवणाऱ्याने 'लज्जागौरी' उघडलीच पाहिजे. यातले एकच पुस्तक वाचून कोल्हापूरच्या धर्मजीवनावर लिहिलेला लेख अर्धवट समजावा.